बांध नसलेल्या गावाची पंचायत

इंग्लंडचा ग्रामीण भाग म्हटला की झुडपी कुंपणांनी आखलेले हिरवे चौकोन आठवतात. त्यांतले बरेचसे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले. संसदेने कायद्यांमागून कायदे करून सामाईक शिवारे मोडली आणि जमीन ज्याची त्याच्या नावे बंदिस्त केली. नॉटिंगहॅमशरमधले लॅक्स्टन त्यातून बचावले. वेस्ट, साउथ आणि मिल ही तिथली तीन मोठी शिवारे. प्रत्येकाचे पट्टे तिन्हींत विखुरलेले, मधे बांध नाही. एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातली पेरणी, तिसरे पूर्वी पडीक, हल्ली चाऱ्याचे. दरवर्षी पाळी फिरते. मार्क पिअर्सने 1635 साली काढलेल्या नकाशात हे पट्टे तर आहेतच, नांगर धरलेली माणसेही आहेत. नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

नॉर्मन गढीची टेकडी वगैरे पर्यटकांनी पाहावी. मला भुरळ पडली ती ‘कोर्ट लीट’ या इथल्या जुन्या न्यायालयाची.

बांधच नाही, तर कोरणार काय? पण नांगराची लोभी तास शेजाऱ्याच्या पट्ट्यात किंवा सामाईक गवताळ पट्टीत शिरायला कितीसा वेळ लागतो! म्हणून नोव्हेंबरअखेरीस शेतकऱ्यांचीच ज्युरी गव्हाच्या शिवारात उतरते, हद्दी न्याहाळते, खुंट्या ठोकते, आगळीक टिपून घेते. आठवड्याने गावच्या ‘डव्हकोट’ या पबमध्ये न्यायालय भरते, दंड होतो आणि पुढच्या वर्षाच्या ज्युरीला शपथ दिली जाते. दंडाची रक्कम किरकोळच. ज्याच्या शेजारी उद्या कापणीला उभे राहायचे त्याच्यासमोर आपले नाव पुकारले जाणे, खरी शिक्षा ती. शिवाय आज खुंटी ठोकणाऱ्याचा पट्टाही कधीतरी तपासला जाणारच. पोलीस, वकील, मोजणी खाते यांच्याशिवाय शेतीचा तंटा मिटवणारी इतकी स्वस्त यंत्रणा माझ्या माहितीत दुसरी नाही. 1977 साली इंग्लंडमधल्या अशा जुन्या न्यायालयांचे अधिकार कायद्याने काढून घेतले, तेव्हाही लॅक्स्टनचा अधिकार शाबूत ठेवला गेला.

काळजी वेगळीच आहे. 1952 मध्ये अर्ल मॅनव्हर्सने हे गाव सरकारच्या कृषी मंत्रालयाला विकले. 1981 मध्ये ते क्राउन इस्टेटकडे गेले, 2020 मध्ये थोर्सबी इस्टेटकडे. मालक बदलले तरी शिवारे टिकली, कारण कसणारी कुळे गावातच होती. आता मात्र अवाढव्य यंत्रांना अरुंद पट्टे परवडत नाहीत, एकाने दोघातिघांची जमीन कसायला घेणे सोयीचे पडते. पण ज्युरीला माणसे लागतात, आणि तीही शेती करणारी. चार-दोन मोठे शेतकरीच उरले तर कोण कुणाची हद्द तपासणार? जमीन राखायला मालकाचा करार पुरेल. एकमेकांवर नजर ठेवणारे शेजारी करारात कसे लिहून घ्यायचे, ते मात्र कुठल्याच मालकाला ठाऊक असेल असे वाटत नाही.