वृद्धाश्रमात इंटरनेट कसे आणावे?

नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट. आमच्या तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी एक वृद्धाश्रम आहे. तिथे ३० म्हातारी माणसे राहतात. आम्ही दर आठवड्याला तिथे वर्तमानपत्र वाचून दाखवायला जातो. त्या दिवशी गेलो, तर एक आजी काळजीत बसलेल्या दिसल्या. त्यांचे यजमान पोस्टमन होते. ते वारल्यापासून आजींना पेन्शन मिळते. पेन्शन घेणाऱ्या माणसाला दर वर्षी आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. बँक तालुक्याला, आणि आजींचे गुडघे दुखतात. जाणार कशा?

हा दाखला घरबसल्या देण्याची सोय सरकारने २०१४ साली केली. तिचे नाव ‘जीवन प्रमाण’. आधी त्यासाठी बोटाचा ठसा द्यावा लागे. पण जन्मभर भांडी घासून, माती उकरून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा ठसा कुठला जुळायला? म्हणून २०२१ सालापासून मोबाईलपुढे नुसता चेहरा धरला तरी चालतो.

पण त्याला इंटरनेट हवे. आश्रमाच्या भिंती दगडी. आत रेंज येईना. शेवटी आश्रमातल्या ताईंनी आजींना रिक्षात घातले, टेकडीवरच्या देवळापाशी नेले, आणि तिथे तो दाखला झाला. परत आल्यावर आजी आम्हाला म्हणाल्या, “गुरुजी, मी जिवंत आहे हे सांगायला मला टेकडी चढावी लागली बघा!”

आम्ही हसलो खरे. पण ते बोलणे मनाला लागून राहिले. म्हणून आज आपण ही गोष्ट नीट समजून घेऊ.

इंटरनेट म्हणजे काय? ती एक वाट आहे. बैलगाडीला रस्ता लागतो, पाण्याला पाट लागतो, तशी आवाजाला, चित्राला आणि कागदपत्रांना ही वाट लागते. ती घरापर्यंत येण्याचे तीन मुख्य प्रकार आहेत.

पहिला प्रकार तारेचा. ही तार तांब्याची नसते. ती काचेची, केसासारखी बारीक असते. तिच्यातून उजेड धावतो आणि तोच निरोप नेतो. तिला फायबर म्हणतात. पावसाने, ढगांनी तिचे काही बिघडत नाही. पुष्कळ माणसांनी एकदम वापरली तरी ती सहसा अडत नाही. पण रस्ता खणताना कुदळ लागली, की ती तुटते.

दुसरा प्रकार मोबाईलच्या टॉवरचा. यात तार ओढायची गरज नाही. सिमकार्ड बसवायचा एक डबा मिळतो. तो लावला, की घरभर इंटरनेट मिळते. मात्र टॉवर लांब असला, मध्ये डोंगर आला, की वेग पडतो. संध्याकाळी सारा गाव मोबाईल घेऊन बसला, तरीही पडतो. एका नळावर दहा घागरी लागल्या, की धार बारीक होते ना? तसेच हे.

तिसरा प्रकार उपग्रहाचा. छपरावर थाळी बसवतात. ती आकाशातल्या उपग्रहाशी बोलते. काही उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असतात. त्यामुळे आपला शब्द पलीकडे पोचायला पाव सेकंद लागतो, आणि उत्तर यायला पुन्हा तेवढाच. बोलताना हे जाणवते. काही नवे उपग्रह बरेच खालून फिरतात. त्यांना इतका उशीर लागत नाही. पण उपग्रहाचा खर्च जास्त असतो. जिथे तारही नाही आणि टॉवरही नाही, तिथेच त्याचा विचार करावा.

मग कोणता प्रकार घ्यावा?

शहरातल्या आश्रमाला फायबर सहज मिळते. तिथे अडचण वेगळी. पुष्कळांना वाटते, दोन कंपन्यांच्या तारा घेतल्या की काम झाले. पण दोन्ही तारा एकाच खांबावरून येत असतील, तर एक फांदी पडली की दोन्ही तुटतात. म्हणून एक तार घ्यावी आणि जोडीला एक सिमकार्डाचा डबा ठेवावा. दोन वाटा हव्यात, आणि त्या खरोखर वेगळ्या हव्यात.

खेड्यातल्या आश्रमाने आधी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. गावोगाव काचेची तार नेण्याची योजना सरकारने २०११ साली हाती घेतली. आज ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाते. देशातल्या दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायतींपर्यंत तिचे काम पोचले आहे. पण तार पोचणे वेगळे आणि ती चालू असणे वेगळे. म्हणून “तार आली का?” एवढेच विचारू नये. “आज चालू आहे का? कार्यालयातली लाईट गेली तर यंत्र चालते का? आमच्यापर्यंत जोडून कोण देईल?” हेही विचारावे.

पंचायतीची तार नसेल, तर टॉवर पाहावा. निरनिराळ्या कंपन्यांची सिमकार्डे असलेले मोबाईल घेऊन आश्रमाच्या गच्चीवर जावे. कोणाची रेंज चांगली आहे ते सकाळी पाहावे, आणि रात्री आठ वाजता पुन्हा पाहावे. रेंज गच्चीवर असेल आणि खाली नसेल, तर बाहेर बसवायचा अँटेना मिळतो. तो वर लावून वायर आत घ्यावी.

वेग किती हवा? वेग ‘एमबीपीएस’ या मापात मोजतात. समोरच्याचा चेहरा पाहत नीट बोलायला साधारण २ एमबीपीएस पुरतो. पाच जण एकदम बोलणार असतील, तर १० हवा. म्हणजे ३० माणसांच्या आश्रमाला फार मोठा वेग लागत नाही. मात्र आपल्याकडून पलीकडे जाणारा वेगही तेवढाच हवा. नाहीतर आजीला नातू दिसतो, पण नातवाला आजी दिसत नाही.

आता घरातली व्यवस्था. इंटरनेटचा डबा कपाटात किंवा कोपऱ्यात ठेवू नये. तो मधल्या खोलीत, उंचावर ठेवावा. भिंती जाड असतील, तर पलीकडच्या खोलीत दुसरा डबा वायरने जोडावा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खाटेपर्यंत रेंज पोचते का, हे आधी पाहावे. कार्यालयात इंटरनेट आणि खाटेपाशी काही नाही, तर ते कोणासाठी आणले?

लाईट गेली की डबाही बंद पडतो. म्हणून त्याला लहान बॅटरी किंवा इन्व्हर्टर जोडावा. त्याला वीज फार थोडी लागते.

याचा उपयोग पुष्कळ आहे. सरकारची ‘ई-संजीवनी’ नावाची मोफत सेवा आहे. तिच्यातून डॉक्टरला दाखवून सल्ला घेता येतो. पण छातीत दुखले, कोणी पडले, तर इंटरनेटची वाट पाहू नये. आपल्या राज्यात सरळ १०८ क्रमांक फिरवून रुग्णवाहिका बोलवावी.

एक इशाराही देतो. इंटरनेट आले की लबाड लोकही येतात. बँकेतून बोलतो असे सांगून ते फोनवर आलेला आकडा विचारतात. तो आकडा म्हणजे ओटीपी. तो कोणालाही सांगू नये, असे प्रत्येक आजी-आजोबांना समजावून द्यावे. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

आमच्या त्या आश्रमाचे काय झाले? ताईंनी पंचायतीत चार खेपा घातल्या. तार आली. जोडीला सिमकार्डाचा डबा आला. पुढच्या नोव्हेंबरात आजींनी खाटेवर बसूनच दाखला दिला. मग म्हणाल्या, “झालं एवढ्यात? मग आता पुण्याच्या लेकीला लावा. तिलाही कळू दे मी जिवंत आहे ते.”

वाचकहो, तुमच्या गावाजवळ असा आश्रम असेल, तर एकदा तिथे जा. मोबाईल हातात घेऊन शेवटच्या खाटेपाशी उभे राहा. रेंज येते का पाहा. येत नसेल, तर सरपंचांना विचारायला तुम्हीच पुढे व्हा.