हात पुरेनासे होतात तेव्हा
चाळिशीनंतरचं शरीर : लेखांक सहावा

मागच्या आठवड्यात आपण गुडघ्यांपाशी थांबलो होतो. आज डोळ्यांकडे वळू. गुडघे सगळ्यांचेच दुखतात असं नाही, पण जवळचं दिसेनासं होणं कोणालाही चुकत नाही. ज्याने जन्मात चष्मा लावला नाही, ज्याला लांबच्या रस्त्यावरून येणाऱ्या एसटीची पाटी वाचता येते, त्यालाही नाही.

कन्नड तालुक्यातल्या पिशोरसारख्या गावात ही बातमी बहुधा लग्नपत्रिकेतून कळते. लग्नसराईत दारात पत्रिका येते. घरातला पंचेचाळिशीचा माणूस ती हातात घेतो, थोडी लांब धरतो, आणखी लांब धरतो आणि शेवटी उठून ओट्यावर जातो. तिथल्या उन्हात निमंत्रकांची बारीक नावंही त्याला वाचता येतात. तेवढ्यात घरातलं कोणीतरी म्हणतंच, "दादा, हात पुरंना का आता?" सगळे हसतात, दादाही हसतात. हे हसणं मला फार मोलाचं वाटतं. जो चारचौघांत हसून घेतो, तो आठवड्याभरात चष्मा करून आणतो. जो लपवतो, तो पुढची पाच-सहा वर्षं अंदाजाने वाचतो, अंदाजाने मोजतो आणि अंदाजाने औषध ओततो.

पत्रिका लांब का धरावी लागते आणि ओट्यावर गेलं की का वाचता येते, या दोन प्रश्नांत डोळ्याची बरीचशी गोष्ट आली आहे.

बुबुळाच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं, जेमतेम नऊ-दहा मिलिमीटर रुंद. त्याच्या कडेने बारीक तंतू निघतात आणि भोवतीच्या स्नायूच्या कड्याला जाऊन मिळतात. लांब बघताना स्नायू सैल असतो, तंतू ताणलेले असतात आणि भिंग चपटं राहतं. जवळ बघायचं झालं की स्नायू आवळतो, तंतूंवरचा ताण जातो आणि भिंग स्वतःच्या लवचिकपणाने फुगतं. ही क्रिया जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५५ मध्ये मांडली. अडचण एवढीच की भिंगाची वाढ आयुष्यभर थांबत नाही. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे नवे थर बाहेरून चढत राहतात, जुना थर कधीच टाकून दिला जात नाही आणि आतला गाभा दाबला जाऊन घट्ट होतो. घट्ट भिंग फुगत नाही.

युट्रेख्टचे डॉक्टर डोंडर्स यांनी वयानुसार ही शक्ती कशी घटते ते मोजलं आणि १८६४ च्या आपल्या ग्रंथात ते मांडलं. आज ढोबळ हिशेब असा सांगता येतो : लहान मुलाला सात सेंटिमीटरवरचं स्पष्ट दिसतं, विशीत हे अंतर दहा सेंटिमीटरच्या आसपास जातं, चाळिशीत वीसच्या पुढे सरकतं आणि पन्नाशीत चाळीसच्याही पलीकडे. आपण पुस्तक किंवा मोबाइल साधारण पस्तीस-चाळीस सेंटिमीटरवर धरतो. सरकत आलेली ती रेषा ज्या वर्षी या अंतराला गाठते, त्या वर्षी आपल्याला वाटतं की डोळे अचानक गेले. खरं तर ही रेषा शाळेत असल्यापासून सरकत होती. चाळिशीला फक्त ती आपल्या हातापर्यंत पोहोचते. म्हणून 'मोबाइलने डोळे खराब केले' किंवा 'आमच्या घराण्यातच नजर कच्ची' असा कोणावर ठपका ठेवण्यात अर्थ नाही.

आता ओट्याकडे येऊ. उन्हात बाहुली आकसते. छोट्या बाहुलीतून आत येणारे किरण कमी पसरतात आणि भिंग पुरेसं फुगलं नसतानाही अक्षर बरंच स्पष्ट उमटतं. मूठ वळून तिच्या बारीक फटीतून छापील मजकुराकडे बघितलं तरी हाच अनुभव येतो, करून पाहा. माजघराच्या मंद उजेडात बाहुली मोठी होते आणि तेच अक्षर विरघळतं. २०२४ मध्ये चष्म्याची गरज घालवणाऱ्या डोळ्यांतल्या थेंबांची मोठी चर्चा झाली. मुंबईच्या एका कंपनीला त्यासाठी परवानगी मिळाली आणि दाव्यांवरून सप्टेंबरात ती स्थगितही झाली. ते औषध पिलोकार्पिन होतं. ते बाहुली आकसवतं, म्हणजे ओट्यावरचं ऊन जे करतं तेच काही तासांपुरतं करतं. त्याने भिंग पुन्हा तरुण होत नाही.

जवळचा चष्मा हा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांचा, मास्तरांचा आणि तलाठ्यांचा असा समज खेड्यात अजून घट्ट आहे. 'मला कुठं पेपर वाचायचाय' म्हणून कितीतरी लोक चष्मा करतच नाहीत. मला हा समज सगळ्यांत जास्त नुकसान करणारा वाटतो. कन्नड तालुक्यातल्या या पट्ट्यात मका, कापूस आणि आलं होतं. आल्याचं बेणं निवडताना कंदावरचा डोळा फुगलाय की कुजायला लागलाय हे हातभर अंतरावरच बघायचं असतं. कपाशीचं पान उलटून तुडतुडे आणि फुलकिडे शोधायचे, तर फुलकिडा असतो मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा. बोंडअळी सुरुवातीला फुलात लपते, तेव्हा ती पाहायला जवळचीच नजर लागते. दाण्यातला सोंडा, तांदळातला खडा, सुईचं नेढं, इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या रेघा, यातलं काहीही वाचन नाही आणि सगळ्याला चष्मा लागतो.

फवारणीच्या बाटलीबद्दल मुद्दाम सांगतो. पंपाला किती मिली घालायचं हे जिथं छापलेलं असतं ती अक्षरं चाळिशीपुढच्या माणसासाठी बांधावर वाचणं जवळपास अशक्य. बाटलीवर चौकोनी चिन्ह असतं. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो : लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. चष्मा नसलेल्या माणसालाही हा रंग दिसतो, म्हणून तो पाठच करावा. पण मात्रा रंगावरून कळत नाही. ती वाचायला चष्माच हवा आणि तो घरी खुंटीला नको, पंपाच्या पिशवीत हवा.

चष्म्याने हातातल्या कामात किती फरक पडतो, हे आपल्याच देशात मोजलेलं आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या सातशे-साडेसातशे मजुरांवर एक पाहणी झाली. निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, निम्म्यांना पाहणी संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पानतोड दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली आणि पन्नाशीपुढच्यांमध्ये तर हा फरक ३० टक्क्यांच्या वर गेला. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०१८ साली हे निष्कर्ष आले. पुढे बांगलादेशच्या खेड्यांत अशीच चाचणी झाली, त्यात आठ महिन्यांत चष्मा मिळालेल्यांची कमाई जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त झालेली आढळली. हे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१५ मध्ये जगभरात ज्यांचं भिंग असं ताठ झालं होतं ते लोक सुमारे १८० कोटी होते आणि त्यातल्या ८२ कोटींहून अधिक जणांकडे पुरेसा चष्मा नव्हता. एवढ्या स्वस्त वस्तूवाचून एवढी माणसं अडावीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्याकडे या अडलेल्यांत बायका जास्त असाव्यात, असं मला घराघरांत बघून वाटतं. पुरुषाचा चष्मा बाजारच्या फेरीत होऊन जातो. बाईचा 'पोळा होऊ दे, दिवाळी होऊ दे' म्हणत मागे पडतो. चाळिशीची वहिनी शाळेतून आलेल्या पोराला हाक मारते, "ये रं, एवढा दोरा ओवून दे." वाकळ शिवायला बसताना ती सहा-सात सुया आधीच ओवून घेते. हे शहाणपण आहे, पण तिला तिची तिने सुई ओवता आली पाहिजे. आणि 'सून यायच्या आधीच चष्मा' म्हणून कोणी टोमणा मारलाच, तर घरातल्यांनी त्याला तिथंच थांबवावं. चष्म्याची थट्टा ज्याची त्याने करावी किंवा सगळ्यांनी मिळून करावी. एकट्या बाईच्या वाट्याला ती आली की चष्मा डब्यात जाऊन पडतो.

सप्ताहातल्या पारायणात तर वेगळीच मजा असते. व्यासपीठाखाली वाचायला बसलेल्या तिघा-चौघांत एखादा चष्मा विसरतो, मग शेजारच्याचा चष्मा अध्यायागणिक इकडून तिकडे फिरतो. कोणी विचारतं, यानं डोळे बिघडतात का? मोठ्या माणसाचे बिघडत नाहीत. नंबर जुळला नाही तर डोकं दुखेल, इतकंच. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हाही असाच गैरसमज. चाळिशीला एक, पन्नाशीला दोन आणि साठीला अडीचच्या आसपास हा नंबर जातोच, चष्मा लावा किंवा लावू नका. साठीनंतर तो बहुतेक स्थिरावतो. गाजरं जरूर खावीत, पण त्यांनी भिंग मऊ होत नाही. मध किंवा कसला पाला पिळून मात्र डोळ्यांत काहीही घालू नये.

दोन नंबरांच्या चष्म्याबद्दल शेतकऱ्यांना एक सूचना. वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेली काच घालून बांधावरून किंवा विहिरीच्या पायऱ्यांवरून उतरलात, तर खालच्या भागातून पाऊल अस्पष्ट दिसतं आणि ठेचकाळायला होतं. मान खाली घालून वरच्या काचेतून पायाकडे बघायची सवय लावावी लागते. ज्याचं दिवसभराचं काम रानात आहे, त्याने फक्त जवळचा वेगळा चष्मा खिशात ठेवावा, हे मला अधिक सोयीचं वाटतं.

आता थोडं गंभीर बोलू. सत्तरीतले एखादे बाबा एके दिवशी चष्मा बाजूला ठेवून पेपर वाचायला लागतात आणि घरात कौतुक होतं की म्हातारपणी नजर परत आली. अशा वेळी बहुधा मोतीबिंदू धरत असतो. भिंगाचा गाभा दाट झाल्याने जवळचं काही दिवस स्पष्ट दिसतं आणि लांबचं हळूहळू पुसट होतं. काचबिंदू त्याहून लबाड आहे. बहुतेकांच्या बाबतीत तो दुखत नाही, समोरचं दिसत राहतं आणि कडेची नजर मुकाट्याने जाते. गेलेली नजर परत मिळत नाही. साखरेचा आजार असलेल्यांचा नंबर साखरेबरोबर वरखाली होतो, शिवाय त्यांच्या डोळ्याचा पडदाही बिघडू शकतो. म्हणून बाजारात टांगलेला तयार चष्मा लावून वाचता आलं, तरी डोळे तपासायचे राहिलेलेच असतात. तयार चष्मा वाईट नाही. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल आणि तिरपा नंबर नसेल, तर तो चालतो. मात्र चाळिशी ओलांडल्यावर एकदा डोळ्यांचा दाब आणि पडदा बघून घ्यायला हवा, आणि साखर असलेल्यांनी पडदा दरवर्षी.

१९७६ पासून देशात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम चालू आहे आणि ज्येष्ठांना जवळचा चष्मा मोफत देण्याची तरतूद त्यात आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यात नेत्र चिकित्सा अधिकारी कोणत्या वारी बसतात ते आधी विचारून ठेवा. पडद्याची किंवा दाबाची गुंतागुंत निघाली तर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आहे. जाताना जुना चष्मा, साखरेचे आणि रक्तदाबाचे कागद बरोबर घ्या. तपासणाऱ्याला नुसतं 'जवळचं दिसत नाही' सांगून थांबू नका. शिवणयंत्रावर बसता की पेटी वाजवता, बेणं निवडता की दुकानाची वही लिहिता ते सांगा, हातातली वस्तू कुठं धरता तेही दाखवा. पेटीसमोरची वही हातातल्या पोथीपेक्षा लांब असते आणि तिचा नंबर वेगळा निघतो. सुईसाठी चष्मा हवा असेल तर सुई-दोरा घेऊनच जा आणि तिथंच ओवून बघा.

पुढच्या आठवड्यात मोतीबिंदू : कधी काढावा, आणि 'पिकू द्यावा' हा जुना सल्ला आता का चालत नाही.