नुसते 'भांडे' कोणी पाहिले आहे?

'भांडे आण' असे आई म्हणते, तेव्हा आपण तांब्या, पातेले किंवा डबा घेऊन येतो. नुसते 'भांडे' आजवर कोणी हातात धरलेले नाही. संगणकाच्या आज्ञावलीतही असेच एक 'भांडे' असते. त्यास 'अमूर्त वर्ग' म्हणतात. कला शाखेच्या विद्यार्थ्याने यावर लिहावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. पण मला हा विषय समजला तो माझ्याच एका चुकीमुळे.

वर्ग म्हणजे साचा. त्यावरून घडते ती वस्तू. आणि वस्तूने करायच्या कामाची कृती म्हणजे पद्धती. वर्गापासून उपवर्ग काढण्याची रीत ओले-योहान डाल व क्रिस्टेन नायगार्ड यांनी ओस्लो येथे 'सिम्युला ६७' या भाषेत आणली.

गेल्या वर्षी जावा भाषा शिकताना मी सरावासाठी ग्रंथालयाच्या दंडाची आज्ञावली लिहिली. 'साहित्य' हा मुख्य वर्ग. 'पुस्तक' व 'नियतकालिक' हे उपवर्ग. उशिराचे दिवस मोजण्याची पद्धती सर्वांना एकच, म्हणून ती मुख्य वर्गात पूर्ण लिहिली. दंडाचा दर मात्र प्रत्येकाचा वेगळा. मग मुख्य वर्गात काय लिहावे? मी लिहिले, शून्य. पुढे 'संदर्भग्रंथ' हा उपवर्ग वाढवला आणि त्याचा दर लिहायचा राहून गेला. यंत्राने तक्रार केली नाही. दहा दिवस उशिरा आलेल्या संदर्भग्रंथाचा दंड त्याने निमूटपणे शून्य दाखवला!

सरांनी एवढेच विचारले, "नुसत्या साहित्याला दर असतो का रे?"

तेव्हा मी ती पद्धती अमूर्त केली. म्हणजे तिचे नाव ठेवले, आतला मजकूर काढला आणि नावाआधी 'ॲबस्ट्रॅक्ट' हा शब्द लावला. अशी एक जरी पद्धती असली, तरी वर्गासही तोच शब्द लावावा लागतो. मग त्या वर्गाची वस्तू घडवता येत नाही. ती पद्धती उपवर्गाने लिहून द्यावी लागते. न दिल्यास तो उपवर्गही अमूर्त म्हणून जाहीर करावा लागतो. कंपायलरने तत्काळ संदर्भग्रंथाकडे बोट दाखवले. ग्रंथालयाच्या खिडकीपाशी उघडकीस आली असती ती चूक माझ्या टेबलावरच सापडली.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. पद्धती लिहिली आहे की नाही, एवढेच कंपायलर पाहतो. दर बरोबर आहे की नाही, हे आपणच पाहायचे. परंतु ठाऊक नसलेल्या जागी शून्य मांडण्यापेक्षा ती जागा उघडपणे रिकामी ठेवावी, हा धडा मला उत्तरपत्रिकेतही उपयोगी पडेल असे वाटते.