खुर्ची कोणाची? जुने फोटो पुरावा म्हणून वाचताना

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एक मोठी चूक केली होती. ती आधी सांगते, कारण आजचा विषय तिच्यातूनच आला आहे.

एका गावातल्या वाचनालयाच्या संग्रहात मला जुन्या कौटुंबिक फोटोंची एक पेटी मिळाली. त्यातल्या एका फोटोत नऊवारीतली एक बाई कोरीव खुर्चीत बसली आहे, शेजारी गोल टेबल, हातात पुस्तक. मी लगेच प्रकरणाच्या मसुद्यात लिहून टाकलं, ‘कुटुंब सधन असून घरातील स्त्रिया शिक्षित होत्या.’ मॅडमनी वाचलं आणि समासात एवढंच लिहिलं, ‘खुर्ची कोणाची?’

मी परत गेले, पेटीतले सगळे फोटो टेबलावर मांडले. तीच खुर्ची, तेच टेबल आणि बहुधा तेच पुस्तक आणखी चार कुटुंबांच्या फोटोंत होतं. सामान स्टुडिओचं होतं! माझं अख्खं विधान त्या एका प्रश्नात कोसळलं.

तुमच्यापैकी बरेच जण आत्ता सिनॉप्सिस लिहीत असाल. फोटो वापरणार असाल, तर पुढचे मुद्दे जवळ ठेवा.

१. आधी पाठ बघा

फोटो हातात आला की चेहऱ्याकडे बघायचा मोह होतो. पण आधी तो उलटा करा (अर्थात संग्रहपालांना विचारून आणि कडांना धरून). मागे स्टुडिओचा शिक्का, पत्ता, क्रमांक, कधी पेन्सिलीने लिहिलेलं नाव असतं. एकाच स्टुडिओचे पत्ते बदललेले दिसले तर फोटोंचा क्रम लावता येतो.

मग पुठ्ठ्याचं माप घ्या. साधारण अडीच बाय चार इंचाचा छोटा पुठ्ठा म्हणजे ‘कार्त द व्हिजित’. त्याचं पेटंट पॅरिसमध्ये १८५४ साली दिस्देरी या छायाचित्रकाराने घेतलं. सव्वाचार बाय साडेसहा इंचाचा मोठा पुठ्ठा म्हणजे ‘कॅबिनेट कार्ड’, ते १८६०च्या दशकात आलं. यावरून नेमकं साल कळत नाही, पण ‘याच्या आधीचा नक्की नाही’ एवढं म्हणता येतं. आणि लक्षात ठेवा, काच जुनी आणि छाप नंतरचा असं होऊ शकतं. दोन्हींची तारीख वेगळी धरा.

याच न्यायाने एक सोपी कसोटी. छायाचित्रणाची पद्धत जगापुढे जाहीर झाली १८३९ साली. त्याआधी वारलेल्या कोणाचाही ‘मूळ फोटो’ व्हॉट्सअ‍ॅपवर आला, तर तो चित्राचा फोटो असेल किंवा दुसऱ्याच माणसाचा.

२. रस्ता खरंच रिकामा होता का?

१८५०-६०च्या दशकातले मुंबईचे काही फोटो बघितले की वाटतं, केवढी शांतता! पण त्या काळी ओल्या काचेच्या पद्धतीत कलोडियन लावलेली काच सुकायच्या आत फोटो घ्यावा लागे आणि ती काही सेकंद उघडी ठेवावी लागे. चालणारा माणूस पुसट होई किंवा उमटतच नसे. दागेरने १८३८च्या सुमारास पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. तिथे तर काही मिनिटं लागली. त्यात ठळक दिसतो तो बुटांना पॉलिश करून घेणारा एक माणूस, कारण तो एका जागी उभा होता.

म्हणजे जुन्या फोटोत जे थांबले तेच दिसतात. हमाल, फेरीवाले, पाणक्ये यांचं रोजचं काम चालत राहण्याचं. म्हणून ‘रस्त्यावर वर्दळ नव्हती’ असं लिहिण्याआधी जमिनीलगतचे पुसट पट्टे भिंगातून बघा. गर्दी तिथेच असते.

३. तारीख रस्त्याला विचारा

समजा तुमच्याकडे मुंबईच्या फ्लोरा फाउंटनचा फोटो आहे आणि मागे काहीच लिहिलेलं नाही. कारंजं १८६४ सालचं, म्हणजे ही खालची मर्यादा. घोड्यांची ट्राम दिसली तर १८७४ नंतरचा. ट्रामसाठी वरून विजेची तार गेली असेल तर १९०७ नंतरचा. दादाभाई नौरोजींचा पुतळा दिसला तर १९२५ नंतरचा. मोटरबस दिसली तर १९२६ नंतरचा. आणि ट्राम धावताना दिसत असेल तर मार्च १९६४च्या आतला, कारण तेव्हा मुंबईची ट्राम बंद झाली.

तुमच्या गावासाठी असाच तक्ता करा: पूल कधी झाला, स्टेशन कधी आलं, रस्त्यावर विजेचे खांब कधी लागले. नगरपालिकेचे जुने अहवाल इथे उपयोगी पडतात. दुकानाची पाटी उलट्या अक्षरांत दिसली तर काच उलटी छापली गेली आहे. मग डावं-उजवं सगळं बदलून वाचा.

४. फोटो कोणी, कोणासाठी काढला?

मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही तिच्यात होते. म्हणजे कॅमेरा सुरुवातीपासून फक्त इंग्रजांच्या हातात होता असं नाही. तरी फोटोचा हेतू तपासावाच लागतो.

विल्यम जॉन्सनचा मुंबईतल्या विविध समाजांवरचा दोन खंडांचा ग्रंथ (१८६३ आणि १८६६) घ्या. त्यातली माणसं रस्त्यावर, देवळापुढे उभी दिसतात. प्रत्यक्षात वेगळी टिपलेली माणसं कापून दुसऱ्या दृश्यावर बसवलेली आहेत. ‘रस्त्यावरचं जीवन’ म्हणून हे वापरलं तर फसगत ठरलेली. ‘द पीपल ऑफ इंडिया’ (१८६८ ते १८७५, आठ खंड) यात चेहरा एका माणसाचा, पण मथळा बहुतेक वेळा जातीचा किंवा जमातीचा.

१८९६-९७च्या प्लेगच्या वेळी काढलेले सरकारी फोटोही असेच. तपासणी, धुवून काढलेली घरं, शिस्तीत लागलेल्या खाटा. लोकांचा संताप त्यात जवळजवळ नाही. तो शोधायचा तर त्या वेळची वर्तमानपत्रं आणि अर्ज काढावे लागतात. फोटो खोटा नसतो, पण अर्धाच असतो.

५. पेटीत कोण नाही?

स्टुडिओत जाणं पैशाचं काम होतं आणि अनेक स्त्रियांसाठी पडद्याचाही प्रश्न होता. हैदराबादला राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तिथे कॅमेऱ्यामागे स्त्री ठेवली, ती यासाठीच.

कॅटलॉगही असाच तपासा. मी पाहिलेल्या नोंदींमध्ये पुरुषाचं नाव, आणि शेजारी ‘पत्नी’ किंवा ‘अनोळखी स्त्री’. ही नोंद कोणीतरी नंतर केलेली असते. तिला मूळ पुरावा समजू नका. तुम्ही नोंदवाल तेव्हा तीन रकाने वेगळे ठेवा: फोटोत काय दिसतं, फोटोवर काय लिहिलं आहे, आणि मला काय वाटतं. माझी चूक झाली ती तिसरा रकाना पहिल्यात घुसवल्यामुळे.

आणि हो, एखाद्या घराण्याचे फोटो छापणार असाल तर संग्रहाची लेखी परवानगी घ्याच. वंशज हयात असतील तर त्यांच्याशीही बोला. कधी कधी ‘अनोळखी स्त्री’चं नाव घरातल्या आजींना ठाऊक असतं.

माझ्या त्या बाईंचं काय झालं? त्या शिकलेल्या होत्या की नाही हे मला अजून माहीत नाही. पण त्या पाच फोटोंत आता मला दुसरी गोष्ट दिसते. पाच कुटुंबांतल्या बायकांना फोटोत पुस्तक हातात असावं, असं कोणाला तरी वाटलं. त्यांना स्वतःला, नवऱ्याला की फोटोवाल्याला? माझं प्रकरण आता या प्रश्नावर उभं आहे, आणि आधीच्यापेक्षा बरं उभं आहे.

तेव्हा तुमच्या पेटीतला पहिला फोटो उचला, उलटा करा, आणि वहीत तीन रकाने आखा.