मला – पोळी – पाहिजे

"उशिरा बोलेल हो! आमचा बंड्या चार वर्षांचा होईपर्यंत कुठे बोलत होता?" हा दिलासा आम्ही भरपूर ऐकला. पण तिसऱ्या वर्षी आमच्या मुलाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचे निदान झाले आणि आमची ओळख चित्रांशी झाली. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठीही, हे चार शब्द.

या चित्रपद्धतीला 'पेक्स' म्हणतात. डेलावेअर राज्यात अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी ती १९८५ साली तयार केली. तत्त्व साधे आहे. बिस्किट हवे असेल तर मुलाने बिस्किटाचे चित्र समोरच्याच्या हातात द्यायचे, आणि त्याने लगेच बिस्किट द्यायचे. "काय हवं?" असे सुरुवातीला विचारायचे नाही. पुढाकार मुलाचा असला पाहिजे. म्हणून आधी दोन माणसे लागतात. एक समोर बसून चित्र घेतो, दुसरा मागून, न बोलता, मुलाच्या हाताला मदत करतो. मग चित्रांची वही थोडी लांब ठेवायची, पुढे अनेक चित्रांतून निवड आणि त्यानंतर पट्टीवर वाक्य. सहाव्या आणि शेवटच्या पायरीला मूल काय दिसते, काय ऐकू येते, हेही सांगू लागते.

चित्रांमुळे मूल बोलायचेच नाही, ही भीती सगळ्यांनाच वाटते. आजवरच्या अभ्यासांत तसे आढळलेले नाही.

खरी गंमत मराठीत आहे. इंग्रजीत 'आय वाँट' हे एकच कार्ड सगळीकडे चालते. आपल्याकडे लाडू हवा, पोळी हवी, दूध हवं! तीन कार्डे कुठे सांभाळणार? आम्ही 'पाहिजे' घेतले. ते लिंगाप्रमाणे बदलत नाही. फक्त त्याची जागा शेवटी: मला – पोळी – पाहिजे.

एवढा मराठीचा आग्रह कशाला? एका थेरपिस्टबाईंनी तर आम्हाला घरी फक्त इंग्रजी बोलायला सांगितले होते. पण दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलांचे नुकसान होते, असे संशोधनात दिसत नाही. शिवाय आजी भारतातून येते, तेव्हा नातवाने दिलेले चित्र आणि खालचा शब्द तिला वाचता येतो. दोघांत दुभाषा लागत नाही. मुंबईच्या आय.आय.टी.त तयार झालेले 'जेलो' हे चित्रांचे ॲप मराठीतही आहे. तेही पाहून ठेवा.

शाळेशी बोलताना मात्र भिडस्तपणा नको. अपंग मुलांच्या शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यात १९९० साली ऑटिझमचे नाव स्पष्टपणे घातले गेले. मुलाची आय.ई.पी. ठरवताना साहाय्यक साधनाचा विचार करणे शाळेला बंधनकारक आहे. ते साधन घरीही आवश्यक आहे असे आय.ई.पी. टीमने ठरवले, तर शाळेला ते घरी द्यावे लागते. बैठकीत हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आणि मंडळींना एक विनंती. पुढच्या कार्यक्रमात दारापाशी आरती, प्रसाद, जेवण, घर अशा चार चित्रांची पट्टी लावा. पुढे काय होणार हे कळले की ही मुले पुष्कळ शांत राहतात. आणि एखाद्या मुलाने तुमच्या हातात लाडवाचे चित्र ठेवले, तर आईबाबांना हाक मारत बसू नका. लाडू द्या. तो तुमच्याशीच बोलला आहे.