जुन्या तबकड्यांचे नवे श्रोते

हिप-हॉप या संगीतप्रकाराची गणना सामान्यतः नव्या संगीतात केली जाते. ती अयोग्य नाही. परंतु या नव्या संगीताचा पाया जुन्या संगीताच्या पुनःश्रवणावर उभा आहे, ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात घेतली जात नाही. इतर संगीतपरंपरा गळ्यापासून किंवा वाद्यापासून सुरू होतात. हिप-हॉपची सुरुवात मात्र दुसऱ्यांनी वाजवून, मुद्रित करून, विकून टाकलेल्या तबकड्यांपासून झाली.

न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स विभागात, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीने नृत्याचा कार्यक्रम ठेवला होता. तबकड्या लावण्याचे काम तिच्या भावाकडे होते. जमैकाहून आलेला हा तरुण ‘डीजे कूल हर्क’ या नावाने ओळखला जाई. नाचणाऱ्यांचे निरीक्षण करताना हर्कच्या एक गोष्ट लक्षात आली होती. काही गाण्यांत मध्येच सूर बाजूला होतात आणि केवळ ड्रमचा ठेका उरतो. ठुमरीच्या अखेरीस गायक मुखड्यावर स्थिरावतो व तबलजी लग्गी धरतो, तशातलाच काहीसा हा प्रकार. यालाच ‘ब्रेक’ म्हणतात. नर्तक नेमकी याच क्षणाची वाट पाहत असत; पण तो येई आणि काही सेकंदांत निघून जाई. हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू करावयाचा आणि तेवढ्यात पहिली मागे फिरवून ठेवावयाची. अशा रीतीने काही सेकंदांचा ठेका हवा तितका वेळ चालू ठेवता येऊ लागला. पुढे या ठेक्यावर लयबद्ध बोलणे आले, तेच ‘रॅप’.

असे ब्रेक शोधताना हर्क आणि त्याच्यासारख्या तरुणांनी तबकड्यांची जातपात पाहिली नाही. ‘अपाची’ ही धून १९६० साली ब्रिटनमध्ये ‘द शॅडोज’ या वृंदाने गाजविली होती. १९७३ साली ‘इन्क्रेडिबल बाँगो बँड’ने तिचा नवा अवतार मुद्रित केला आणि त्यातील लांबलचक तालभागामुळे ती ब्रॉन्क्समध्ये घरोघरी पोहोचली. आपले शोध प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागू नयेत म्हणून हर्क तबकडीवरचा नावाचा कागद पाण्यात भिजवून काढून टाकी. युक्ती साधी होती. परंतु कलावंताचे नाव पुसले जाण्याचा पुढचा सारा इतिहास तिच्यात बीजरूपाने होता, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

या नाव नसलेल्या ऐकण्याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘वॉक धिस वे’ या गाण्याचे होय. बोस्टनच्या ‘एरोस्मिथ’ या रॉक वृंदाचे हे गाणे १९७५ सालचे. त्याच्या आरंभीचा ड्रमचा ठेका न्यूयॉर्कच्या रॅप करणाऱ्या मुलांना चांगला परिचित होता; पण गायकाचा आवाज येण्यापूर्वीच तबकडी मागे फिरविली जात असल्याने पुढचे गाणे पुष्कळांनी ऐकलेलेच नव्हते! १९८६ साली निर्माता रिक रुबिन याने ‘रन-डीएमसी’ या त्रिकुटाला ते संपूर्ण गाणे एरोस्मिथच्याच गायक-गिटारवादकांसह मुद्रित करावयास लावले. मूळ गाणे अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेले होते. नवे चौथ्यापर्यंत पोहोचले. त्याच्या चित्रफितीत दोन खोल्यांमधील भिंत फोडून रॉक गायक पलीकडे डोकावतो. एमटीव्ही या दूरचित्रवाहिनीमुळे हे दृश्य घराघरांत गेले. उतरणीला लागलेल्या एरोस्मिथला त्यानंतर नवे श्रोते लाभले.

सर्वांचेच नशीब असे नव्हते. १९८० नंतरच्या दशकात ‘सॅम्पलर’ हे यंत्र आवाक्यात आले. तबकडीवरील ध्वनीचा तुकडा साठवून तो बटण दाबताच पुनःपुन्हा वाजविणे त्यामुळे शक्य झाले. १९८७ साली निघालेल्या एसपी-१२०० या लोकप्रिय यंत्रात जेमतेम दहा सेकंदांचा ध्वनी मावत असे. पण ठेक्याला तेवढे पुरे होते. जेम्स ब्राऊनच्या ‘फंकी ड्रमर’ (१९७०) या तबकडीवरील क्लाइड स्टबलफील्डचा ठेका असाच असंख्य गाण्यांत गेला. ‘पब्लिक एनिमी’ने स्पाइक ली यांच्या ‘डू द राइट थिंग’ या १९८९ च्या चित्रपटासाठी केलेल्या गाण्यातही तो आहे. रचनाकार म्हणून नोंद मात्र एकट्या ब्राऊनची. स्वामित्वहक्क रचनेवर असतो आणि ध्वनिमुद्रणावर असतो. पगारावर ड्रम वाजविणाऱ्याचा वाटा यांपैकी कशातच नव्हता. स्टबलफील्ड २०१७ साली वारला, तो या ठेक्याचे मानधन न मिळताच.

‘द विन्स्टन्स’ या वृंदाच्या ‘आमेन, ब्रदर’ (१९६९) या गाण्यातील ब्रेक तर केवळ चार आवर्तनांचा, सुमारे सहा-सात सेकंदांचा. हिप-हॉपपासून ब्रिटनमधील ‘जंगल’ या नृत्यसंगीतापर्यंत तो सर्वत्र पसरला. तो वाजविणारा ग्रेगरी कोलमन २००६ साली दारिद्र्यात मरण पावला. वृंदप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना २०१५ साली संगीतप्रेमींनी वर्गणी काढून सुमारे २४,००० पौंड दिले. कायद्याने दिलेले हे पैसे नव्हेत.

कायदा जागा झाला तो १९९१ साली. बिझ मार्की या रॅपरने गिल्बर्ट ओसलिव्हन यांच्या गाण्याचा तुकडा परवानगीवाचून वापरला होता. न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी बायबलमधील चोरीविषयीच्या आज्ञेपासून निकालपत्राचा आरंभ केला आणि विक्री थांबविली. आपल्याकडील संगीतही या वादापासून दूर राहिले नाही. ‘ज्योती’ (१९८१) या हिंदी चित्रपटातील लता मंगेशकरांच्या आवाजाचा तुकडा ‘ट्रूथ हर्ट्स’ या गायिकेच्या २००२ सालच्या गाण्यात वापरला गेला, तेव्हा संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव दिल्याखेरीज ते विकण्यास लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने मनाई केली.

तथापि परवानगीची ही वाट छोट्या कलावंतांना महाग पडली, हेही सांगितले पाहिजे. ‘डी ला सोल’ या गटाची १९८९ सालची पहिली तबकडी जुन्या गाण्यांच्या कितीतरी तुकड्यांतून विणलेली होती. तिच्यासाठी केलेले करार महाजालाच्या युगात पुरेनात. त्यामुळे ऐकू इच्छिणाऱ्यांना ती संगीतसेवांवर वर्षानुवर्षे मिळत नव्हती. ती ३ मार्च २०२३ रोजी उपलब्ध झाली. गटाचा एक संस्थापक डेव्हिड जोलिकर त्याच्या तीन आठवडे आधी निधन पावला होता.