केसाला विचारा, पोटात काय गेलं!

भुसावळला गाडी बदलली की रावेरकरांना शेगाव फार लांब नाही. गजानन महाराजांच्या दर्शनाची ही वाट पायाखालची. त्याच शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत २०२४ च्या डिसेंबरअखेरीस लोकांच्या हातात केसांचे पुंजके यायला लागले. तीन-चार दिवसांत टक्कल! संशय आधी शाम्पूवर, मग खारपाणपट्ट्यातल्या पाण्यावर. ‘टक्कल व्हायरस’ असं नावही पडलं.

मग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर (हो, विंचूदंशावर इलाज शोधणारे तेच) रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे वळले. त्यांनी जाहीर केलेले आकडे बघा: रुग्णांच्या रक्तात सेलेनियम नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत तब्बल १५० पट. गळालेला केसच सगळ्यात पक्का साक्षीदार निघाला.

सेलेनियम म्हणजे काटेकोरपणे पारा-शिशासारखा जड धातू नव्हे. चिमूटभराहूनही कमी प्रमाणात ते शरीराला लागतंसुद्धा. जास्त झालं की मात्र केस जातात, नखंही जातात. शेगावकडे पुढे नखंही गळालीच. आणखी एक खूण म्हणजे श्वासाला लसणाचा वास. आमच्या लसूणघातल्या शेवभाजीच्या खानदेशात ही खूण डॉक्टरांच्या काय कामाची!

पण केसच का? केसातल्या केराटिनमध्ये गंधक भरपूर, आणि पारा, आर्सेनिक गंधकाला घट्ट चिकटतात. त्यात केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. टाळूलगतचा सेंटीमीटर या महिन्याचा, त्यापुढचा गेल्या महिन्याचा. लांब वेणीत दोन-तीन वर्षांचा हिशेब सहज निघतो.

इराकमध्ये तो खरंच काढला गेला. १९७१-७२ मध्ये तिथं लोकांनी पाऱ्याचं बुरशीनाशक लावलेलं गव्हाचं बियाणंच दळून खाल्लं. सहा हजारांवर माणसं रुग्णालयात, ४५९ मृत्यू. पोत्यांवरचा इशारा होता स्पॅनिशमध्ये! नंतर बायकांच्या लांब केसांचे तुकडे तपासून कोणत्या महिन्यात किती पारा पोटात गेला, ते शोधलं.

संगीतकार बीथोवनची म्हणून जपलेल्या एका बटेत शिसं सापडलं होतं. २०२३ मध्ये डीएनए तपासला, तर बट कुणा बाईची! पुढच्या वर्षी अस्सल बटा तपासल्या. शिसं त्यांतही भरपूर. नेपोलियनच्या केसांत आर्सेनिक निघालं तेव्हा विषप्रयोगाची बोंब उठली. २००८ मध्ये त्याचे लहानपणचे केस तपासले, आर्सेनिक तिथंही हजर.

तेव्हा केसावर आंधळा विश्वास नको. कोंड्याच्या काही शाम्पूंतच सेलेनियम असतं, तेही केसाला चिकटतं. शिशासाठी तर रक्ताचीच तपासणी खरी. नुसत्या केसाच्या रिपोर्टवर ‘अंगातले धातू काढून देतो’ म्हणणाऱ्यांना लांबूनच रामराम.

आणि पोटात असं काही गेल्याची शंका आलीच, तर सलूनमधले खाली पडलेले केस उचलून नेऊ नका. डॉक्टरांना मानेजवळचे, टाळूलगत कापलेले केस घेऊ द्या. मुळाकडची बाजू कुठली, तेही लिहून ठेवा. घरातलं मूठभर धान्यही पिशवीत बांधून, तारीख टाकून जपा.